चौदा तास खुर्चीत, तरी दिवस हाती लागत नाही

तुझं पत्र दोनदा वाचलं. बीएस्सी ॲग्री करून परभणीकडच्या गावाहून पुण्यात येऊन तुला दोन वर्षं झाली. राज्यसेवेची पूर्वपरीक्षा एकदा थोडक्यात हुकली. सकाळी सातला अभ्यासिकेत बसतोस, रात्री अकराला उठतोस, मग रूमवर मोबाइलवर लेक्चर बघत दीड वाजवतोस. तू लिहिलं आहेस, "एवढं करूनही दिवस हाती लागत नाही. कायम थकल्यासारखं वाटतं. शेवटचं मनापासून कधी हसलो ते आठवत नाही. एक चांगलं टाइमटेबल करून द्या."

टाइमटेबल आज देत नाही. तुझा आत्ताचा दिवस कसा जातो हे आधी तुझं तुलाच कळायला हवं.

मागे तुझ्यासारखाच एक मुलगा आला होता, नवी पेठेत राहणारा. मी त्याला खिशात मावेल अशी वही दिली आणि सात दिवस दर अर्ध्या तासाला एक ओळ लिहायला सांगितली. खरं तेच लिहायचं, कुणाला दाखवायचं नाही. आठवड्याने वही घेऊन आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता. एका पानावर असं होतं : दहा वाजता पॉलिटी, म्हणजे राज्यव्यवस्था. साडेदहा, पॉलिटी आणि टेलिग्राम. अकरा, चहा. साडेअकरा, चहाच, कटऑफवर चर्चा. बारा, "आता जेवूनच बसू." आम्ही दोघांनी बेरीज केली. चौदा तासांपैकी खरा अभ्यास जेमतेम सहा तासांचा निघाला.

त्याला रडू आलं. मला मात्र हायसं वाटलं, कारण उरलेले आठ तास त्याच्याकडे होतेच. त्या वेळात तो अभ्यास करत नव्हता आणि विश्रांतीही घेत नव्हता. पुस्तक उघडं, डोकं भलतीकडे, वर "आपण वेळ घालवतोय" ही टोचणी. माणूस थकतो तो या मधल्या वेळाने. सहा तास मन लावून वाचलेला मुलगा संध्याकाळी दमतो, पण त्याचा चेहरा उतरत नाही. मला वाटतं, तुझंही हेच झालंय.

म्हणून उद्यापासून तूही वही लिही. ती लिहून होईपर्यंत बाकीचं काही बदललं नाहीस तरी चालेल, एक गोष्ट सोडून. ती म्हणजे झोप.

दीडला झोपून सहाला उठणं म्हणजे साडेचार तास. दिवसभर वाचलेलं डोक्यात पक्कं बसण्याचं बरंचसं काम झोपेत होतं. झोप कापून वाचलेलं चार दिवसांत पुसलं जातं, मग तोच धडा तू तिसऱ्यांदा काढतोस आणि "माझ्या लक्षातच राहत नाही" म्हणून स्वतःला दोष देतोस. रात्री अकरा ते सहा, सात तास झोप घे. संध्याकाळी पाचनंतर चहा नको. चहातल्या कॅफिनचा असर कित्येक तास टिकतो, आणि रात्री दहाला मित्रांबरोबर घेतलेला कटिंग बाराला डोळे उघडे ठेवतो. मोबाइल उशापाशी नको, खोलीच्या दुसऱ्या टोकाला चार्जिंगला लाव. ही एकच गोष्ट तीन आठवडे जमली तरी माझं अर्धं काम झालं.

आता परीक्षेकडे बघ. पूर्वपरीक्षेचा पहिला पेपर सकाळी 10 ते 12, सीसॅट, म्हणजे आकलन-बुद्धिमत्तेचा दुसरा पेपर, दुपारी 3 ते 5. तू रात्री अकरा ते दीड डोकं तापवतोस आणि दुपारी तीनला मेसचं जेवण, वर वाटीभर भात खाऊन डुलक्या काढतोस. म्हणजे ज्या वेळी डोकं चालायला हवं, नेमकं त्याच वेळी झोपायची सवय तू शरीराला लावतो आहेस. दुपारी भात थोडा कमी घे. एकला जेव, दोनला गजर लावून वीस मिनिटं पड आणि तीन वाजता रोज सीसॅटचे उतारे सोडव. सर्वांत अवघड विषय सकाळी दहाला घे. चालू घडामोडी संध्याकाळी, तासभर, बस्स.

मुख्य परीक्षाही 2025 पासून वर्णनात्मक झाली आहे, नऊ पेपर हाताने लिहायचे. दीडपट वेगाने लेक्चर बघून हाताला लिहायचं वळण लागत नाही. रोज एक तास, कोऱ्या कागदावर, घड्याळ लावून दोन-तीन उत्तरं लिही. लिहिण्याचा अजून एक फायदा मी बऱ्याच मुलांमध्ये पाहिला आहे. संध्याकाळी भरलेली पानं समोर दिसतात, आज काहीतरी झालं हे डोळ्यांना पटतं. तुझ्या पत्रातल्या "दिवस हाती लागत नाही"वर मला याहून चांगला उपाय माहीत नाही.

सकाळी उठल्या उठल्या अभ्यासिकेत पळू नकोस. पर्वतीच्या 103 पायऱ्या चढून ये, किंवा नुसतं सारसबागेला चक्कर मार. आणि रविवारी दुपारनंतर पुस्तक बंद. तू लिहिलं आहेस की सुट्टी घेतली तर बाबांच्या कष्टाच्या पैशाची लाज वाटते, म्हणून घरी फोनही टाळतोस. अरे, तुझे बाबा तरी बैलाला वर्षभर औताला जुंपून ठेवतात का? पोळ्याला त्याच्या खांद्याला हळद-लोणी लागतंच ना? रोज रात्री जेवणाआधी दहा मिनिटं घरी बोल. परीक्षेचं नको बोलूस. कापसाचं बोल, पावसाचं बोल.

"झालं नाही तर?" हा विचार रोज रात्री करतोस, त्यानेही झोप उडते. तो एकाच रविवारी कागदावर लिहून मोकळा हो. अजून किती प्रयत्न, कोणत्या वर्षापर्यंत, आणि नंतर काय. तुझी डिग्री चार वर्षांची आहे, बँकेतल्या कृषी क्षेत्र अधिकाऱ्याची आयबीपीएसची परीक्षा तुला खुली आहे. कृषी सेवेच्या जागांवरही लक्ष ठेव. वाट कागदावर आली की रात्री ती पुन्हा पुन्हा शोधावी लागत नाही.

दोन गोष्टी मात्र गांभीर्याने घे. नीट झोपूनही तीन आठवड्यांनी थकवा तसाच राहिला तर डॉक्टरांकडे जा, हिमोग्लोबिन, बी-12 आणि थायरॉइड तपासून घे. मेसचं तेच तेच खाऊन मुलं अशक्त होतात आणि स्वतःला आळशी म्हणत बसतात. दुसरं, "काहीच आवडेनासं झालंय" ही तुझ्या पत्रातली ओळ मला सोडवत नाही. मन फारच खचलं तर 14416 या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, क्रमांकावर फोन कर. मोफत आहे, मराठीत बोलता येतं, दिवसा-रात्री कधीही. त्यासाठी फार वाईट वेळ यायची वाट बघू नकोस.

सात दिवसांची वही भरली की पानांचे फोटो मला पाठव. खाडाखोड असू दे, टेलिग्रामच्या ओळीही असू देत. टाइमटेबल आपण त्यावरूनच करू.