13 किलोहर्ट्झच्या वरचं ऐकूच येत नसेल, तर अँप्लिफायर 40 किलोहर्ट्झपर्यंत जाणारा कशाला हवा? आणि तिथलं डिस्टॉर्शन (यंत्रामुळे मूळ आवाजात होणारा बिघाड) असलं काय, नसलं काय?

आधी 13 किलोहर्ट्झची धास्ती सोडा. पन्नाशीच्या आसपास कानाची वरची मर्यादा एवढी उतरणं नेहमीचंच आहे. 20 हर्ट्झ ते 20 किलोहर्ट्झ म्हणजे जवळपास दहा सप्तकं. त्यातलं तुमचं वरचं फक्त अर्ध्या सप्तकाहून थोडं अधिक गेलं. पियानोची शेवटची पट्टीसुद्धा 4186 हर्ट्झवरच थांबते. (बोलणंच अस्पष्ट वाटू लागलं असेल, तर मात्र ऑडिओमेट्री, म्हणजे कानाची तपासणी, करून घ्या.) तेव्हा '40 किलोहर्ट्झ' या आकड्यासाठी जादा पैसे मोजू नका.

तुमचा दुसरा मुद्दा मात्र मला पटत नाही. एकच सूर वाजत असता तर तो बरोबर होता: 10 किलोहर्ट्झच्या सुराचं डिस्टॉर्शन 20 आणि 30 वर पडतं, तुमच्या कानापलीकडे. पण गाण्यात सूर एकटा नसतो. दोन सूर एकत्र आले की सदोष यंत्रातून त्यांच्या वजाबाकीचाही सूर निघतो. 19 आणि 20 किलोहर्ट्झ तुम्हाला ऐकू येणार नाहीत, त्यातून निघालेला 1 किलोहर्ट्झ नक्की येईल. हे इंटरमॉड्युलेशन. मूळ सुरांशी त्याचं नातं जुळत नाही, म्हणून झांजा वाजू लागल्या की आवाज गढूळ आणि खरखरीत होतो, कान थकतात. माहितीपत्रकातला टीएचडीचा (सुराच्या पटींत पडणाऱ्या एकूण डिस्टॉर्शनचा) आकडा अनेकदा फक्त 1 किलोहर्ट्झच्या सुरावर मोजलेला असतो. त्यात हे दिसतच नाही.

घरी तपासता येतं. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये 19 आणि 20 किलोहर्ट्झचे सूर प्रत्येकी निम्म्याहून कमी पातळीवर बनवा, म्हणजे बेरीज क्लिप होणार नाही (कमाल पातळीवर छाटली जाणार नाही). फाइल वेव्ह (WAV) स्वरूपात ठेवा. एमपीथ्रीत वरचा भाग बऱ्याचदा कापला जातो. आधी एकेक वाजवा: शांतता हवी. मग दोन्ही एकत्र. बारीक शिट्टी आली, तर ती तुमच्या यंत्रणेनं तयार केली. आवाज अगदी कमी ठेवा, हे कळकळीनं सांगतो: ऐकू येत नाही म्हणून वाढवत गेलात तर ट्वीटर (स्पीकरमधला उंच सुरांचा भाग) जळेल.

शिट्टी आलीच, तर तीच फाइल चांगल्या हेडफोनवर ऐका. तिथे गेली, तर दोष बहुधा स्पीकरचा. घरच्या संचात सगळ्यात जास्त डिस्टॉर्शन सहसा स्पीकरच करतात, म्हणून पैसे तिथे घाला.