गोळी सॅमची, अडचण बी-१२ची

प्रश्न : वडील ६४ वर्षांचे, पूर्ण शाकाहारी. तळपायांना मुंग्या येतात. रक्ततपासणीत होमोसिस्टीन ३८ आलं. अमेरिकेतल्या मावसभावानं ‘सॅम-ई’च्या गोळ्या दिल्या आहेत. हे रसायन शरीरात काय करतं? गोळ्या सुरू कराव्यात का?
*– एक वाचक, राजेंद्रनगर, इंदूर*

उत्तर : बाटली तूर्त कपाटात राहू द्या. सॅम-ई किंवा नुसतं सॅम, म्हणजे एस-ॲडेनोसिल-मेथिओनाइन, आपलं शरीर स्वतःच बनवतं, सर्वाधिक यकृतात. अन्नातल्या मेथिओनाइन या अमिनो आम्लाला एटीपीचा (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूचा) ॲडेनोसिन भाग जोडला जातो आणि एटीपीचे तिन्ही फॉस्फेट सुटतात. एका रेणूसाठी एवढा खर्च पेशी सहसा करत नाही! पण त्यामुळे मेथिओनाइनमधल्या गंधकावर धन प्रभार येतो आणि त्याला चिकटलेला मेथिल गट (एक कार्बन, तीन हायड्रोजन) दुसऱ्या रेणूला सहज देता येतो. हा गट घेऊनच क्रिएटिन तयार होतं, नॉरॲड्रिनलिनचं ॲड्रिनलिन होतं, डीएनएवर खुणा उमटतात.

मेथिल देऊन झाला, की शेवटी उरतं होमोसिस्टीन. त्याचं पुन्हा मेथिओनाइन करायला फोलेट (फॉलिक ॲसिडच्या कुळातलं जीवनसत्त्व) आणि बी-१२ दोन्ही लागतात. (यकृतात बीटेनची एक आडवाट आहे. बी-६च्या मदतीनं सिस्टीनकडे जाणारा रस्ताही आहे.) बी-१२ नसेल तर फोलेटही अडकून पडतं, होमोसिस्टीन साचतं, नवं सॅम कमी पडतं. वरून सॅम दिलं तरी तेही वापरून झाल्यावर होमोसिस्टीनच होणार. परतीची मुख्य वाट बंद ती बंदच.

म्हणून आधी बी-१२ तपासा, तेही गोळ्या-इंजेक्शन सुरू करण्यापूर्वी. होमोसिस्टीन साधारण लिटरमागे ५ ते १५ मायक्रोमोल असावं. पण नमुना बर्फावर ठेवून तासाभरात प्लाझ्मा वेगळा केला नाही तर रक्तपेशी ते सोडत राहतात आणि आकडा फुगतो. घरी येऊन नमुना नेणाऱ्याला हे विचाराच. मुंग्या येत असल्यानं डॉक्टर बहुधा इंजेक्शन सुचवतील. नुसतं फॉलिक ॲसिड घेऊ नका : रक्तक्षय सुधारतो, पण मज्जातंतूंची हानी आतून चालूच राहते. वडील मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेत असतील तर तेही सांगा, त्यानं बी-१२ कमी शोषलं जातं. पोहे, डाळ, भाजीत बी-१२ नसतंच. दुधात असतं, पण आपल्या सराफ्यातल्या खाऊगल्लीच्या कढईतल्यासारखं तासन्‌तास आटवलं की बरंच घटतं.

नैराश्याची औषधं चालू असतील किंवा पूर्वी उन्मादाचा झटका येऊन गेला असेल, तर सॅम-ई डॉक्टरांना न विचारता मुळीच नको.

प्रश्न : कच्ची केळी घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवली, पिकली नाहीत, उलट वास आला. तांदळात मात्र पिकतात. असं का?
*– एक वाचिका, सुदामानगर, इंदूर*

उत्तर : योगायोग असा, की इथंही सॅमच आहे. केळं सॅमपासून एसीसी नावाचा रेणू बनवतं आणि एसीसीपासून इथिलीन वायू. दुसऱ्या पायरीला ऑक्सिजन लागतो. घट्ट डब्यात तो संपला की इथिलीन थांबतं आणि फळ आंबू लागतं. तांदूळ वायू धरून ठेवतो, पण हवा कोंडत नाही. कागदी पिशवीत एक पिकलेलं केळं सोबत ठेवलं तरी चालेल. फ्रिजमध्ये मात्र नको. १३ अंशांखाली साल काळी पडते आणि कच्चं केळं नंतर नीट पिकत नाही.