सासूबाई रोज ग्लासभर कोथिंबिरीचा रस पितात, पिऊ द्यावा का?

तुम्ही विचारलंय दोन गोष्टींबद्दल. एक म्हणजे सासूबाई सत्तरीच्या आहेत, बीपीची गोळी चालू आहे आणि महिनाभर झाला रोज सकाळी अख्ख्या जुडीचा रस पितायत, "किडनी साफ होते" म्हणून, तर ते चांगलं का. आणि दुसरं, तुम्हाला स्वतःला कोथिंबिरीला साबणासारखा वास येतो आणि घरचे म्हणतात नाटकं करते. मी डॉक्टर नाहीये हे आधीच सांगते, निफाडकडची आहे, माहेरी कोथिंबीर लावतात, त्यामुळे कोथिंबिरीबद्दल कोणी वाईट बोललं की मलाच राग येतो. पण हा रस आमच्याही घरात आला होता, तर आधी ते ऐका.

नानांचा (माझे वडील) २०१६ मध्ये हृदयाचा व्हॉल्व बदलला, मेटलचा बसवला. असा व्हॉल्व असला की रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर घ्यावी लागते आणि मधून मधून आयएनआर नावाची रक्ताची टेस्ट करावी लागते, रक्त गोठायला किती वेळ घेतंय ते त्यात कळतं. नानांना अडीच ते साडेतीनच्या मध्ये ठेवायला सांगितलंय. तीनेक वर्षं छान चाललं होतं आणि एका महिन्यात रिपोर्ट आला १.७. डॉक्टरांनी विचारलं गोळी चुकली का, तर आई कॅलेंडरवर रोज टिकमार्क करते, एकही चुकली नव्हती. मग विचारलं खाण्यापिण्यात काही नवीन? नाना म्हणाले छे, काहीच नाही, तेच आपलं भाजी भाकरी. बाहेर येऊन चपला घालताना आई म्हणते, "अहो, तो रस पिताय ना रोज?" आणि नाना म्हणतात, "ते काय खाणंय का, कोथिंबीर ती!"

म्हणजे बघा, ज्या माणसाने उभ्या आयुष्यात हजारो जुड्या बांधल्या त्याच्या लेखी कोथिंबीर खाण्यात मोजलीच जात नाही, आणि खरं सांगायचं तर आपण कोणीच मोजत नाही, भाजीवालीकडून मिरची-आलं घेतलं की "मावशी थोडी कोथिंबीर टाका वर" म्हणून फुकट घ्यायची वस्तू ती. शेजारच्या काकांनी व्हॉट्सअपवर मेसेज पाठवला होता, जुडी धुवा, मिक्सरमध्ये फिरवा, लिंबू पिळा, गाळून प्या, नानांनी १२ दिवस केलं. परत आत जाऊन डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत, गंभीरच झाले.

कारण असं आहे की कोथिंबिरीत व्हिटॅमिन के भरपूर असतं, १०० ग्रॅम कच्च्या पाल्यात साधारण ३१० मायक्रोग्रॅम, आणि मोठ्या माणसाला दिवसाला लागतं ९० ते १२० च्या आसपास. रक्त गोठवणारी जी प्रथिनं लिव्हरमध्ये तयार होतात त्यातल्या काहींना हे व्हिटॅमिन के लागतंच. आणि नानांची गोळी नेमकं हेच व्हिटॅमिन के शरीराला परत परत वापरू देत नाही, तिचं काम तेवढंच. मग एका बाजूने गोळी नळ बंद करतेय आणि दुसऱ्या बाजूने आपण बादलीने ओततोय, तर आयएनआर खाली येणारच, आणि खाली येणं म्हणजे व्हॉल्ववर गुठळी बसायचा धोका. वरून भुरभुरवलेली कोथिंबीर असते चारपाच ग्रॅम, तिने काही होत नाही. निवडलेली अख्खी जुडी १००-१५० ग्रॅम सहज भरते. फरक काय तो इथे आहे.

डॉक्टरांनी रस बंद करायला सांगितला पण कोथिंबीर बंद करू नका म्हणाले, हे मला आवडलं. म्हणाले पालेभाजी खा पण रोज साधारण सारखीच खा, एक आठवडा काहीच नाही आणि दुसऱ्या आठवड्यात रोज असं नको. नाहीतर काही जण घाबरून सगळा हिरवा पाला सोडतात आणि मग आयएनआर उलट्या दिशेला, वर जातो.

आता तुमच्या सासूबाई. त्या नानांसारखी, व्हिटॅमिन के अडवणारी रक्त पातळ करायची गोळी घेत असतील तर वरचं सगळं त्यांना लागू. (ॲस्पिरिन वेगळी, तिचा व्हिटॅमिन केशी संबंध नाही, लोक दोन्हींना "रक्त पातळची गोळी"च म्हणतात म्हणून सांगितलं.) नसतील घेत तरी बीपीची गोळी कुठली आहे ते बघा. टेल्मिसार्टन, लोसार्टन या जातीतली असेल, आणि आपल्याकडे बऱ्याच जणांना तीच असते, तर ती अंगातलं पोटॅशियम थोडं वाढवते. कोथिंबिरीतही १०० ग्रॅमला ५०० मिलिग्रॅमच्या वर पोटॅशियम आहे. किडनी ठणठणीत असेल तर काही फरक पडत नाही, जास्तीचं लघवीवाटे जातं. पण किडनी जरा कमजोर असेल, आणि सत्तरीत बऱ्याच जणांची असते, तर पोटॅशियम साचतं आणि ते हृदयाला वाईट. किडनीच्या पेशंटना डाएटिशियन पालेभाज्या उकळून पाणी फेकून द्यायला सांगतात ते ह्याच्यासाठीच, आणि इथे किडनी साफ करायला म्हणून त्याच पाल्याचा कच्चा रस, वरून लिंबू पिळून! किडनी साफ करायला काही ओतावं लागत नाही हो, ती स्वतःच दिवसरात्र गाळत बसलेली असते. तिचं भलं करायचं तर बीपी शुगर कंट्रोलमध्ये ठेवायची आणि गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून आणलेल्या पेनकिलर रोज घ्यायच्या नाहीत.

मग कोथिंबिरीत चांगलं काहीच नाही का, तर आहे की. व्हिटॅमिन ए होतं ते बीटा कॅरोटिन आहे, व्हिटॅमिन सी आहे (शिजवलं की जातं, म्हणून वरून घालायची), आणि माझ्या मते सगळ्यात मोठा फायदा म्हणजे बिनमिठाचं, कमी तेलाचं वरण पण तिच्यामुळे घशाखाली उतरतं. पथ्याचं जेवण जेवणाऱ्या माणसाला विचारा.

धन्याचं पाणी ही गोष्ट मात्र निराळी. आयुर्वेदात त्याला धान्यक हिम म्हणतात, भरडलेले धने सहापट पाण्यात रात्रभर भिजवायचे, सकाळी गाळून खडीसाखर घालून प्यायचं, तहान आणि अंगाची आग ह्याच्यासाठी. आमच्याकडे चैत्र-वैशाखात आई करायची, शेतातून आलं की पेलाभर. मला आवडतं, छान गार वाटतं, प्या खुशाल. पण त्याच पाण्याने थायरॉईड जातो असं सांगणारे व्हिडिओ फिरतायत आणि लोक गोळी बंद करतायत, ते अजिबात करू नका. धने थायरॉईडचं हार्मोन तयार करत नाहीत, गोळीत ते हार्मोनच असतं, एकाच्या जागी दुसरं कसं चालेल?

तुम्ही परंपरेचंही विचारलंय ओझरतं, "आपल्याकडे पूर्वीपासून पितात का". असा ग्लासभर रस प्यायची पद्धत मी तरी माझ्या आजीकडे बघितली नाही. धन्याला मान आहे पण. धनत्रयोदशीला धने-गुळाचा नैवेद्य असतो, धने म्हणजे धन. आमच्याकडे त्या नैवेद्यातले मूठभर धने नाना बाजूला काढायचे आणि दुसऱ्या दिवशी विहिरीजवळच्या वाफ्यात टाकायचे. टाकायच्या आधी ओसरीवर पोतं अंथरून त्यावर धने पसरायचे आणि चपलेच्या तळव्याने हलकेच रगडायचे, करकर आवाज यायचा आणि एकेक धना दोन फाकींत फुटायचा. लहानपणी मला वाटायचं नैवेद्याला चपला कशा काय लावतात हे. पण धना म्हणजे एक बी नसतंच, ते फळ असतं आणि आत दोन बिया, न फोडता पेरलं तर उगवण कमीजास्त होते. दिवाळीनंतरची थंडी तिला मानवते, चाळीसेक दिवसांत जुडी तयार, मग मार्गशीर्षात वड्या. उन्हाळ्यात लावली की बिचारी लवकर फुलावर येते आणि पावसाळ्यात सडते, म्हणून त्या दिवसांत भाव कडाडतो, आणि थंडीत सगळ्यांचीच एकदम निघाली की शेकड्याचा (१०० जुड्यांचा) भाव इतका पडतो की मजुरी सुटत नाही, उभ्या पिकात जनावरं सोडलेली मी बघितलीत. तुम्हाला जुडी घ्यायची असेल तर विचारून गावठी घ्या, पान लहान, देठ बारीक पण वास काय! चायना म्हणून मिळते ती दिसायला भरदार, वासाला फिकी.

नावही जुनं आहे. संस्कृतात कुस्तुंबुरु, त्यावरून आपलं कोथिंबीर, कानडीत कोत्तंबरी, तेलुगूत कोत्तिमीर. खुद्द पाणिनीने ह्या शब्दासाठी एक सूत्र खर्च केलंय, "कुस्तुम्बुरूणि जातिः". व्याकरणाच्या मास्तरांना सुद्धा कोथिंबीर सुटली नाही.

आता साबणाचा वास. ताई, तुम्ही नाटकं करत नाही आहात. कोथिंबिरीच्या पानात आल्डिहाइड नावाची रसायनं असतात, तशीच साबणात आणि काही किड्यांच्या वासातही सापडतात. २०१२ मध्ये हजारो लोकांच्या जनुकांचा अभ्यास झाला त्यात साबणाचा वास येणं हे वासाच्या काही जनुकांजवळच्या एका बदलाशी जोडलेलं निघालं, त्यातलं ओआर-६-ए-२ हे जनुक ह्या आल्डिहाइडसाठी संशयित आहे. त्याच वर्षी कॅनडातल्या तरुण मुलामुलींना विचारून केलेल्या एका अभ्यासात पूर्व आशियाई वंशाच्या २१ टक्के लोकांना कोथिंबीर नकोशी होती आणि आपल्या दक्षिण आशियाईंमध्ये ७ टक्के, म्हणजे साधारण चौदात एक. एवढ्या मोठ्या एकत्र कुटुंबात एखादी व्यक्ती निघणारच. आमच्याकडे वहिनी निघाली. लग्न होऊन आली कोथिंबिरीच्या घरात आणि तिला ढेकूण चिरडल्यासारखा वास येतो, सहा महिने बोलली नाही, गुपचूप पानं बाजूला काढायची. गंमत म्हणजे ग्रीकमध्ये ढेकणाला कोरिस म्हणतात आणि कोरिअँडर शब्द त्यावरूनच आला असं बरेच जण मानतात, म्हणजे वहिनीच्या नाकाला दोन हजार वर्षांचा तरी पुरावा आहे.

वहिनीने शोधलेला उपाय असा की ती पानं अख्खी खात नाही, पण खोबरं लसूण लावून बारीक वाटलेली हिरवी चटणी तासभर ठेवून खाते. वाटल्यावर पानातलीच एन्झाइम त्या आल्डिहाइडना मोडतात, वास बराच निवळतो. वाफवून तळलेली वडी पण तिला चालते. आणि धने तर आधीपासून चालायचे, कारण त्यांच्या वासात मुख्य लिनालूल असतं, पानापेक्षा वेगळाच मामला. तुम्ही करून बघा, नाहीच जमलं तर वरण वाढताना आधी तुमची वाटी काढा आणि मग कोथिंबीर घाला, एवढं तर कोणीही करेल.

सासूबाईंना "बंद करा" असं एकदम म्हणू नका, सून सांगते म्हटल्यावर उलट दोन जुड्या पितील. त्यांच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घाला आणि पुढच्या वेळी डॉक्टरांसमोर रसाचं नुसतं "थोडी कोथिंबीर घेतात" असं न सांगता "रोज एक जुडी, महिनाभर" असं सांगा, आणि क्रिएटिनिन (किडनी कशी चाललीय ते कळतं ती रक्ताची टेस्ट) आणि पोटॅशियम कधी तपासलंय ते विचारा. रक्त पातळची गोळी असेल तर मात्र थांबू नका, आजच फोन करा, आणि रस आधी किती होता आणि कधी बंद केला हेही सांगा कारण डोस त्यावरून ठरतो. आमच्या नानांची टेस्ट रस थांबवल्यावर आठवड्याने परत केली होती, २.६ आला. रिपोर्ट हातात पडल्या पडल्या विचारतात, "मग आज वड्या करायला हरकत नाही ना?" आईने केल्या, त्यांना दोन दिल्या आणि कॅलेंडरवर टिकमार्कच्या शेजारी लिहिलं, वडी २.