सकाळची हवा खरंच चांगली असते का?

प्रश्न: मी आणि आई रोज पहाटे साडेपाचला मेन रोडवरूनच वॉकला जातो, आईला दमा आहे. मोबाईलवर एक्यूआय, म्हणजे हवा किती खराब आहे ते सांगणारा आकडा, लाल दाखवतो पण आकाश तर स्वच्छ दिसतं, मग विश्वास कशावर ठेवायचा?

उत्तर: आकड्यावर ठेवा. खरा त्रास देणारे कण म्हणजे पीएम २.५, म्हणजे २.५ मायक्रॉन किंवा त्याहून बारीक, आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो त्यावरून अंदाज घ्या, हे एकेकटे डोळ्यांना कुठून दिसणार! जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये २४ तासांची मर्यादा १५ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर इतकी खाली आणली, ती उगाच नाही.

आणि पहाटेची हवा शुद्ध हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय ना, पण थंडीत जमिनीलगत गार हवा आणि वर उबदार थर असं झाकण बसतं, धूर खालीच कोंडतो, ऊन वर आलं की मग तो हळूहळू पांगतो. त्यामुळे थंडीत जरा उशिरा निघा, आणि मेन रोड सोडून आतली गल्ली धरा, एवढ्यानेही बराच फरक पडतो.

आकडा लाल असेल तर आईला घरातच चालू दे. बाहेर जावंच लागलं तर एन९५ मास्क, तोही नाकाशी फट न ठेवता, रुमाल बांधून काही होत नाही. इनहेलर खिशात हवाच, आणि धाप वाढली तर डॉक्टरांना लगेच दाखवा, उद्या बघू म्हणू नका.