कृष्णधवल फिल्म कोणत्या देशात सगळ्यात स्वस्त मिळते? भारतात विकत घेणं म्हणजे लुटून घेणं आहे का?

प्रश्नात तुम्ही इलफर्डच्या एचपी५ या कृष्णधवल फिल्मचा इथला भाव आणि अमेरिकेतल्या एका दुकानाचा भाव शेजारी शेजारी ठेवलाय आणि फरक बघून इथल्या दुकानदारांना चोर ठरवून टाकलंय. माझा न्यू जर्सीतला मावसभाऊ गेली कित्येक वर्षं हेच करतोय, त्यामुळे उत्तर जरा लांबणार.

आधी सरळ उत्तर. छत्तीस फ्रेमच्या रोलला माझ्या पाहण्यात सगळ्यात कमी पैसे चेक-जर्मनीच्या बाजूला पडतात, आणि तेही फोमा कंपनीच्या फोमापॅनला. फोमाचा कारखाना चेक प्रजासत्ताकात ह्रादेत्स क्रालोवेला आहे, १९२१ पासूनचा. घरचा माल, युरोपियन युनियनच्या आत सीमाशुल्क नाही, जाहिरातीवर फारसा खर्च नाही. इंग्लंडमध्ये तिथलीच केंटमियर फिल्म त्याच्या आसपास जाते. हे झालं तुमच्या प्रश्नाचं उत्तर. आता त्याचा तुम्हाला उपयोग का नाही ते सांगतो.

अमेरिकेतल्या पाटीवरचा भाव टॅक्सविना असतो. सेल्स टॅक्स बिलात येतो आणि राज्याराज्यात वेगळा असतो. इंग्लंडच्या भावात २० टक्के व्हॅट आधीच धरलेला, जर्मनीत १९, जपानमध्ये १० टक्के. आपल्याकडची एमआरपी तर सगळे कर पोटात घेऊनच छापलेली. हे सगळे आकडे एका रांगेत लावून ‘बघा किती फरक’ म्हणणाऱ्या माणसाला मी दुकानात उभं करणार नाही.

आता त्या मावसभावाची, म्हणजे दादाची गोष्ट. मावसबहिणीच्या मुलीच्या लग्नाला तो आला आणि आल्या आल्या ओसरीवर बॅग उघडली. माझ्यासाठी एचपी५चे रोल आणले होते. माणूस मनाने मोठा आहे, ते नाकारत नाही. पण रोल द्यायच्या आधी भाषण. “सात डॉलर! तुम्ही इथे नऊशे मोजता. अरे, लुटतात रे तुम्हाला.” मांडवातली पाहुणेमंडळी ऐकतायत, कुणाला एचपी५ म्हणजे काय ते ठाऊक नाही, पण सगळ्यांच्या माना डोलतायत. मी एक खोकं उचललं, उलटं केलं. चोवीसचा रोल.

“दादा, हे चोवीसचे आहेत.”

“मग?”

मग काय! समोर आहेराचं रिकामं पाकीट पडलं होतं, त्याच्या पाठीवर मांडून दाखवलं. सात डॉलरवर न्यू जर्सीचा ६.६२५ टक्के टॅक्स, म्हणजे ७.४६. डॉलर ८५ रुपये धरला, झाले ६३४. भागिले चोवीस, फ्रेममागे २६ रुपये ४० पैसे. माझा नऊशेचा छत्तीसचा रोल, फ्रेममागे २५. वर धुण्याचे पैसे लॅबवाला रोलवर घेतो; चोवीस असो की छत्तीस, तेवढेच. घरी धुतलात तरी टाकीत डेव्हलपर, म्हणजे धुण्याचं रसायन, तितकंच ओतावं लागतं. म्हणजे धुण्यातही चोवीसवाला मागेच.

“तिकडे छत्तीसचे पण मिळतात,” दादा म्हणाला. मिळतात की. पण सात डॉलरला नाही मिळत, आणि भाषण सात डॉलरचं होतं.

एवढ्यावर थांबला असता तर बरं. बॅगेतून अरिस्टाचे दोन रोल काढले, “ही खास अमेरिकन, तुमच्याकडे मिळणारच नाही.” अरिस्टा ईडीयू अल्ट्रा म्हणजे फोमापॅन. चेक कारखान्याचा माल, वेष्टन अमेरिकन विक्रेत्याचं. तीच फिल्म मी इथे फोमाच्या नावाने वापरून झालो होतो. तेवढ्यात मावशीने पानं घेतली म्हणून हाक मारली आणि विषय मिटला. म्हणजे त्या दिवसापुरता. व्हॉट्सअ‍ॅपवर चालूच आहे.

ब्रँडची तुलना करताना हेच डोक्यात ठेवा. नावं पन्नास, कारखाने मोजके. इलफर्डची एचपी५, एफपी४, डेल्टा हा सगळा माल इंग्लंडमध्ये चेशरमधल्या मॉबर्लीला हारमन कंपनीच्या कारखान्यात होतो, आणि स्वस्तातली केंटमियरही तिथलीच. जपानच्या फुजीने २०१८ साली आपली अ‍ॅक्रॉस फिल्म बंद केली, पुढच्या वर्षी अ‍ॅक्रॉस टू आणली. तिच्या खोक्यावर ‘मेड इन यूके’ लिहिलेलं आहे. जपानी म्हणून जास्त पैसे मोजणाऱ्यांनी खोकं वाचावं. कोडॅकची ट्राय-एक्स अमेरिकेत रोचेस्टरला ईस्टमन कोडॅक बनवते. २०१२ च्या दिवाळखोरीनंतर विक्री कोडॅक अलारिसकडे गेली. बरीच वर्षं बनवणारा एक, विकणारा दुसरा असंच चाललं, आणि पिवळ्या खोक्याची हौस जगभर. स्वस्त कुठून होणार?

परदेशातून कुरियरने मागवणार असाल तर दुकानं कधीकधी व्हॅट वगळून देतात, तेवढा आनंद. मग भाडं, इथे कस्टम ड्युटी, तिच्यावर आयजीएसटी आणि कुरियरवाल्याचा हाताळणीचा आकार. दोन-चार रोलसाठी हा उद्योग म्हणजे शुद्ध वेडेपणा. मित्रमंडळींनी मिळून मोठी ऑर्डर काढली तर बोलू.

माझं आणि दादाचं मूळ भांडण मात्र रोलच्या भावाचं नाहीच, ते मामांच्या स्टुडिओपासूनचं आहे. मिरजेत मामांचा स्टुडिओ होता. इतर परदेशी फिल्मची टंचाई असायची, तेव्हा मामा पूर्व जर्मनीची ओर्वो एनपी२२ वापरायचे आणि ती नसेल तेव्हा उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सची इंदू. दादा तेव्हा कॉलेजात, सुट्टीत यायचा आणि मामांना सांगायचा, “ही भंगार सोडा, कोडॅक घ्या.” मामा काही बोलायचे नाहीत. ते अंधारखोलीत जाऊन शंभर फुटी डब्यातून रोल भरायचे. स्पूलच्या खाचेला फिल्मचं टोक चिकटपट्टीने लावायचं, दोन बोटांनी ओढून बघायचं, मग हात पसरून लांबी मोजत गुंडाळायची. कॅसेटच्या तोंडाचं मखमल ते दर वेळी ब्रशने झाडायचे. त्यात वाळूचा एक कण अडकला तर पहिल्या फ्रेमपासून शेवटच्या फ्रेमपर्यंत सरळ रेघ उमटते, आणि ती नवरीच्या कपाळावरून गेली की गिऱ्हाईक पैसे देत नाही.

दादा जिला भंगार म्हणायचा त्या इंदूवर मामांनी काढलेल्या कॉप्या मिरजेतल्या कितीतरी घरांच्या भिंतींवर आजही आहेत. कारण एकच: कुठल्या तापमानाला किती मिनिटं धुवायची हे त्यांना तोंडपाठ होतं.

म्हणून तुम्हाला खरंच पैसे वाचवायचे असतील तर देश बदलू नका, डबा घ्या. शंभर फूट म्हणजे साडेतीस मीटर, त्यात छत्तीसचे अठरा-एकोणीस रोल निघतात. केंटमियर किंवा फोमाचा डबा घ्या, डब्यातून कॅसेटमध्ये फिल्म भरायचा लोडर एकदाच घ्यायचा, कॅसेट लॅबवाल्याकडे रिकाम्या पडलेल्या असतात. घेण्याआधी डब्याचा भाव अठराने भागून बघा. काही ब्रँडच्या डब्यात बचत नावालाच असते. आणि वर्षभर तीच एक फिल्म वापरा. दर महिन्याला नवा ब्रँड ‘ट्राय’ करणाऱ्यांचे अर्धे फ्रेम कसे येतात ते मी पाहिलंय. फ्रेममागचा त्यांचा हिशेब कोणी काढत नाही.

१२० म्हणजे मोठ्या कॅमेऱ्याचा रुंद रोल वापरत असाल तर वरचा हिशेब चालणार नाही. तिथे सहा बाय सहाचे बाराच फ्रेम. रोलचा भाव मात्र पस्तीस एमएमच्या आसपासच असतो, कारण पृष्ठभाग तितकाच: छत्तीसचा रोल, १२० चा रोल, चार बाय पाच इंचाच्या चार शीट (सुटे तुकडे) आणि आठ बाय दहाची एक शीट, सगळे साधारण ऐंशी चौरस इंच. शीटच्या किमतीला घाबरणाऱ्यांनी हा आकडा लिहून ठेवावा.

काही गोष्टी राहिल्या. फोमापॅन ४०० चा स्पीड (आयएसओ) नावालाच चारशे. मी ती २०० ला काढतो. अंधारात १६०० पर्यंत ढकलायचं (स्पीड जास्त धरून काढायचं आणि जास्त वेळ धुवायचं) असेल तर एचपी५ घ्या, तिथे फोमाची बचत करू नका. इलफर्डची एक्सपी२ कृष्णधवल असली तरी रंगीत फिल्मच्या सी-४१ रसायनात धुतली जाते, तिचा लॅबचा भाव वेगळा विचारा. मी मांडलेले भाव त्या लग्नाच्या वेळचे आहेत. रुपया घसरला किंवा चांदी चढली की सगळं बदलतं, फिल्मवर चांदी असते हे विसरू नका. आणि कोणी नातेवाईक परदेशातून रोल आणत असेल तर त्याला आधीच बजावा: रोल हातातल्या बॅगेत ठेव, सामानात टाकू नकोस. विमानतळावर सामान तपासायच्या नव्या सीटी मशीन असतील तिथे हाताने तपासा म्हणून विनंती कर. शिवाय चोवीसचे आणू नकोस.