आधी पदवी की आधी साइट?

शालेय शिक्षण संपल्यावर बांधकाम क्षेत्रातच यायचे असेल, तर थेट अभियांत्रिकीच्या पदवीला प्रवेश घ्यावा की पदविका करून आधी साइटवर जावे, असे तुम्ही विचारले आहे. आमच्या घरात नेमक्या याच प्रश्नावर अनेक वर्षे वाद झाला, म्हणून सविस्तर लिहिते.

पदविका पूर्ण करून मी साइटवर रुजू झाले, त्याच महिन्यात एका स्लॅबच्या वेळी बाल्कनीच्या लोखंडाची तपासणी माझ्याकडे आली. बाल्कनीला आधार एकाच बाजूचा, म्हणून मुख्य सळया वरच्या थरात हव्यात, या उत्तराला मी परीक्षेत पूर्ण गुण मिळवले होते. सकाळी नकाशाप्रमाणे सळयांचा व्यास आणि अंतरे मोजून मी वहीत सही केली. काँक्रीट सुरू होण्याच्या बेतात असताना एका वयस्कर फिटर मिस्त्रींनी मला हाक मारली, जाळीवर स्वतःचा पाय ठेवला आणि म्हणाले, "मॅडम, आता मोजा." सळई 40 मिलिमीटर खाली गेली होती. सकाळपासून माणसांची ये-जा त्या जाळीवरूनच चालली होती आणि सळया वर उचलून धरणाऱ्या खुर्च्या संपूर्ण बाल्कनीत दोनच होत्या.

त्या स्लॅबची जाडी 125 मिलिमीटर होती. वरचे कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, 20 आणि सळईचा निम्मा व्यास 5 वजा केला, की परिणामकारक खोली, म्हणजे स्लॅबच्या तळापासून सळईच्या मध्यापर्यंतचे अंतर, 100 मिलिमीटर उरते. सळई 40 ने दबली की ती 60 वर येते आणि बाल्कनीची वाकण सोसण्याची ताकद 40 टक्क्यांहून अधिक घटते. हे गणित मी तिथेच वहीच्या मागच्या पानावर केले आणि काम थांबवले. नंतरचा दीड तास मिस्त्रींनी तुकडे कापून दिले आणि मी त्यांच्या शेजारी बसून खुर्च्या वाकवल्या. पहिल्या चार खुर्च्यांची उंची चुकली. पाय सारखे नसले की खुर्ची कलते आणि सळई पुन्हा खाली बसते, हे मला तेव्हा कळले. माणसांना चालण्यासाठी फळ्याही त्यानंतरच टाकल्या गेल्या.

टेकू काढताच खाली आलेला एक छज्जा मिस्त्रींनी पूर्वी पाहिला होता, म्हणून त्यांना धोका दिसला. ताकद किती घटते, हे मात्र त्यांना सांगता आले नसते. म्हणून माझे मत स्पष्ट आहे: ज्याने स्वतः सळई बांधली नाही, शटरिंगला ओळंबा लावून पाहिला नाही आणि काँक्रीटचा क्यूब, म्हणजे चाचणीचा ठोकळा, भरून ताकद पाहण्यासाठी 28 दिवसांनी फोडला नाही, त्याचे बांधकामाचे शिक्षण अर्धवटच आहे, मग पदवी कोणतीही असो. जर्मनीत गवंडीकाम शिकणारा उमेदवार साधारण तीन वर्षे आळीपाळीने कंपनीत आणि व्यवसाय-शाळेत जातो. ही रचना मला योग्य वाटते, कारण तिथे हात आणि गणित एकाच वेळी घडतात.

माझे थोरले बंधू पदवीधर अभियंता आहेत आणि डिझाइन ऑफिसात बसतात. मुलीने साइटच्या धुळीत दोन वर्षे घालवणे म्हणजे ती वाया घालवणे, असे ते तेव्हा म्हणाले आणि आजही म्हणतात. मी पुढे नोकरी सांभाळून पदवी घेतली, तेव्हा "शेवटी माझेच खरे ठरले" असेही त्यांनी ऐकवले. ते मला मान्य नाही. काँक्रीटच्या वर्गात पाणी-सिमेंट प्रमाणाचा आलेख आला, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर स्लम्प कोन, म्हणजे ओले काँक्रीट किती पातळ आहे ते तपासायचा साचा, उचलताच ढासळलेला माल होता, तर शेजारच्या विद्यार्थ्यांसमोर फक्त एक वक्ररेषा होती.

एक गोष्ट मात्र आधीच सांगायला हवी होती. तुम्हाला संरचनेचे डिझाइन करून त्यावर सही करायची असेल, तर पदवीला पर्याय नाही; तेव्हा पदवीला जा, पण प्रत्येक सुट्टीत साइट गाठा. घरची आर्थिक स्थिती दोन टप्प्यांत शिकण्याइतकी नसेल, तरीही माझा मार्ग जसाच्या तसा उचलू नका. आणि हेल्मेट व सेफ्टी बेल्ट न देणाऱ्या साइटवर शिकण्यासाठीही पाऊल ठेवू नका.

संस्था निवडताना तिची कार्यशाळा पाहायला मागा. विद्यार्थ्यांनी बांधलेली जाळी तिथे आहे का, क्यूबवर तारखा घातलेल्या आहेत का, हे पाहा आणि जाळीखालच्या खुर्च्या मोजा.