मगरी बघायचं वय

"ताई, मला काही आवडतच नाही हो. जो तो म्हणतो छंद लाव. छंद काय दिवा आहे, बटण दाबलं की लागला?"

बडोद्याच्या दांडिया बाजारात राहणाऱ्या, एका खाजगी कंपनीत हिशेब सांभाळणाऱ्या, ४८ वर्षांच्या बाई. (ओळख पटेल ते सगळं बदललंय.) मुलगा शिकायला पुण्याला गेला, डब्याची धावपळ संपली आणि संध्याकाळचे चार तास अंगावर यायला लागले. मान दुखेपर्यंत मोबाइल बघायचा, मग झोपायचं. या वयाचे कितीतरी जण माझ्याकडे समुपदेशनाला हीच तक्रार घेऊन येतात, पुरुष जरा आढेवेढे घेऊन.

आधी झोप, भूक, वजन विचारून घेतलं. पूर्वी गोडीने केलेल्या कशातच रस उरला नाही, झोप-भूकही बिघडली आणि हे दोन आठवड्यांच्या वर टिकलं, तर छंद शोधत बसायचं नसतं. ते नैराश्य असू शकतं, मनोविकारतज्ज्ञांना दाखवावं लागतं. इथे तसं नव्हतं. भाचीच्या लग्नातल्या पंगतीचं वर्णन करताना बाई चांगल्या खुलल्या होत्या.

पुढची चूक माझी. लहानपणी गाण्याच्या परीक्षा दिल्या होत्या, असं त्या सहज बोलून गेल्या आणि मी तेवढंच धरलं. बडोद्यात वाढलेय ना! सयाजीराव महाराजांनी १८८६ साली गायक मौलाबक्षांच्या हाती गायनशाळा सोपवली, तेव्हापासून इथल्या मराठी घरांत पेटी नसली तर पाहुण्यांनाही चुकल्यासारखं होतं. म्हटलं, गाणं पुन्हा सुरू करा. त्यांनी माळ्यावरची पेटी उतरवली, पैसे खर्चून भाता दुरुस्त करून घेतला. तीन आठवड्यांनी आल्या त्या पडलेल्या चेहऱ्यानेच.

"पेटी उघडली की पोटात गोळा येतो."

"तेव्हा काय आवडायचं त्यातलं?"

बराच वेळ त्या पर्सची चेन उघडझाप करत राहिल्या. "गाणं नाही हो. पहिला नंबर. आणि तोही बाबांना."

लहानपणीचा छंद म्हणून आपण जे सांगतो, ते पुष्कळदा घरच्यांनी लावलेलं काम असतं. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही; त्या दिवशी सुचलं नाही, एवढंच.

मग आम्ही साध्या वहीवर आलो. दिवसभरात काय केलं ते लिहायचं आणि पुढे दोन आकडे मांडायचे, शून्य ते दहा: मजा किती आली आणि जमलं किती. दोन रकाने वेगळे ठेवणं महत्त्वाचं. मोठ्या माणसांच्या डोक्यात ते एक झालेले असतात; जे जमत नाही त्यात मजा येऊच शकत नाही, असं आपण धरूनच चालतो. शिवाय मूड यायची वाट बघायची नाही. आधी करायचं, उत्साह आला तर मागून येतो. आमच्याकडे याला 'बिहेवियरल अ‍ॅक्टिव्हेशन' असं भारदस्त नाव आहे.

दोन आठवड्यांनी वही उघडली. सुडोकू: मजा २, जमलं ८. योगाचा क्लास: ३, ४. भिशी: ५, आणि 'जमलं'च्या जागी प्रश्नचिन्ह. एका मंगळवारी मात्र लिहिलं होतं, 'पुलावर थांबले. मजा ८.' पुढचा रकाना कोरा.

"हे काय?"

त्या चक्क लाजल्या. ऑफिसला जाताना काळा घोडा पुलावर चार माणसं कठड्याला टेकलेली दिसली, म्हणून त्यांनीही स्कूटर बाजूला लावली. खाली विश्वामित्रीच्या काठावर मगर ऊन खात पडली होती, जबडा उघडा टाकून. "वीस मिनिटं, ताई! लेट मार्क लागला." आपल्याकडे भर शहरातल्या नदीत मगरी आहेत याचं बडोदेकराला एरवी काही वाटत नाही, ऑगस्ट २०२४च्या पुरात त्या सोसायट्यांत शिरल्या, तेव्हा कुठे सगळ्यांना आठवण झाली.

"यात जमायचं काय असतं?" त्यांनी कोऱ्या रकान्यावर बोट ठेवलं.

"काहीच नाही. कोराच ठेवा."

नवऱ्याने विचारलंच, मगरी बघून मिळणार काय. या प्रश्नाने मी बरेच छंद मरताना पाहिलेत. बाईंनी उत्तर शोधलं नाही, दुर्बीण घेतली. मगरीला स्वतःचं अंग आतून ऊबदार ठेवता येत नाही, म्हणून हिवाळ्यात ती उन्हासाठी बाहेर येते. जबडा उघडते तो डोकं फार तापू नये म्हणून. उन्हाळ्याच्या तोंडाला मादी काठावर खड्डा करून अंडी घालते. हे सगळं मला त्यांनीच सांगितलं. पेटी पुन्हा माळ्यावर गेली.

जानेवारीत त्यांचा फोन आला. रविवारची दहाची वेळ संध्याकाळी करून मिळेल का?

"काही अडचण आहे का?"

"नाही हो, दहाला ऊन काठावर येतं."

पाचची वेळ दिली.